निळ्या पट्टीची बाटली

"काही नाही," वडील म्हणाले.

डोळ्यांवर पट्टी, हनुवटी किंचित वर आणि नाकाखाली तपकिरी बाटली. संशोधक बाईंनी ती बाजूला ठेवून दुसरी उघडली. लवंगेचा भपका भिंतीशी बसलेल्या लेकीपर्यंत आला. वडिलांपर्यंत मात्र आला नाही.

"हीसुद्धा कोरी."

मागच्या वर्षीच्या तापाने त्यांचा वास नेला होता. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. वायर कुठल्या मजल्यावर जळतेय ते जिन्यात उभं राहून नाकाने सांगायचा. आता स्वतःच्या घरात दूध करपून कोळसा झालं तरी शेजाऱ्यांना दार वाजवावं लागे. तापाने गेलेलं नाक वास हुंगून हुंगून परत जागं होतं का, यावर रुग्णालयात संशोधन चाललं होतं. लेकीने त्यांचं नाव घातलं आणि शाळेतला भूगोलाचा शेवटचा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारून ती दर आठवड्याला त्यांना घेऊन येऊ लागली. वडिलांनी पहिल्याच दिवशी संशोधक बाईंचं 'बाटलीबाई' असं बारसं करून टाकलं. अगदी तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही.

बाटलीबाई कामाला चोख. बाटल्यांचा क्रम दर वेळी बदलायच्या. उत्तर बरोबर असो की चूक, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे.

आता त्यांनी निळ्या पट्टीची बाटली उचलली. ती निळी पट्टी वडिलांना दिसत नव्हती, लेकीला दिसत होती. वडिलांनी श्वास घेतला आणि त्यांचे खांदे सैल पडले.

"हां. ही आली. ठकू, तुझी आई."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ठकूला वाटलं, नेहमीसारखी फिरकी घेतायत. पण थट्टा करताना वडिलांचा आवाज असा ओला होत नसे. कोरं कापड, मशीनचं तेल आणि कापडावर खुणा करायचा खडू, असं ते एकेक सांगत गेले. बाकी सगळ्या बाटल्यांपुढे हात टेकलेला माणूस या एकीपुढे लहान मुलासारखा खुलायचा.

आई शिवणकाम करायची. शाळा सुटली की ठकू दप्तर भिरकावून कटिंगच्या टेबलाखाली शिरायची. वर कात्री करकरायची, कापडाच्या चिंध्या अंगावर पडायच्या, आणि तोंडात टाचण्या धरलेली आई ओठांच्या एका कोपऱ्यातून रागवायची. मग खाली वाकून तिला बाहेर ओढायची आणि पोटाशी धरायची. जगात त्याच्याइतकी सुरक्षित जागा ठकूला पुन्हा सापडली नाही.

आई गेली तेव्हा मावशीने चांगल्याच मनाने तिचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले. मशीनही गेलं. फोटो राहिले. वास तेवढा राहिला नाही. तो कशाकशाचा होता हे ठकू सांगू शकायची, पण डोळे मिटून कितीही ओढला तरी यायचा नाही. कापडाच्या दुकानात ती ठाण उचलून नाकाशी धरायची. दुकानदार बघत राहायचे आणि ती घाईघाईने भाव विचारायची.

आणि इथे तोच वास हाताच्या अंतरावर, बाटलीत बंद होता. एकदा धीर करून तिने विचारलंसुद्धा. मला जरा बघू द्याल? बाटलीबाईंनी मान हलवली. फक्त रुग्णांनाच, नियम होता.

"अगदी तसाच येतो?" त्या दिवशी घरी जाताना तिने वडिलांना विचारलं.

"अगदी. तू पाचवीत नापास होता होता राहिलीस, तेव्हा तिने कुशीत घेतलं होतं ना, तस्सा."

ठकूला चक्क आपल्या वडिलांचा हेवा वाटला.

मग ती लांबूनच त्या बाटलीकडे बघत बसायची. इतर बाटल्यांतला कापूस पिवळा, तेलकट पडला होता. बाई त्यांत अधूनमधून चार थेंब घालायच्या. निळ्या पट्टीच्या बाटलीतला कापूस मात्र पांढराशुभ्र. आईचंही सगळं असंच टापटीप असायचं, ठकूच्या मनात आलं.

आज शेवटचा दिवस होता. संशोधन संपलं होतं. पट्टी सोडल्यावर वडिलांनी विचारलं, या बाटल्यांचं आता काय करणार. धुऊन टाकणार, बाई म्हणाल्या. वडील चष्मा पुसत बाहेर बाकावर जाऊन बसले.

ठकू उठली नाही.

"बाई, ती निळ्या पट्टीची तेवढी मला द्याल?"

"वासाच्या बाटल्या बाहेर देता येत नाहीत." बाटलीबाईंनी ती हातात घेतली. बंद दाराकडे पाहिलं, मग ठकूकडे. "पण ही न्या. हिला तो नियम नाही."

घरापर्यंत थांबण्याइतका धीर ठकूला कुठला? तिने तिथेच झाकण काढलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

आलं. कोरं कापड. मशीनचं तेल. खडू. आणि या सगळ्यांच्या मागे, वडिलांनी कधी न सांगितलेला, आईच्या मानेवरच्या घामाचा वास. टेबलाखालचा तो सबंध काळोख तिच्याभोवती उभा राहिला. इतक्या वर्षांचं अडलेलं रडू घळाघळा वाहू लागलं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

बाई पाठमोऱ्या होऊन बेसिनमध्ये बाकीच्या बाटल्या धुवायला लागल्या होत्या. ठकूने घाईने झाकण घट्ट लावलं. आता एक थेंबही उडून जायला नको होता.

"बाई, हे संपलं तर परत कुठे मिळेल? काय घालता हिच्यात?"

बाटलीबाईंनी नळ बंद केला. पण वळल्या नाहीत.

"काहीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "वास नसताना कुणी उगाच अंदाजाने सांगतंय का, ते बघायला एक ठेवावी लागते. उकळून गार केलेलं पाणी आहे."