चौथं पाणी

मशीननं तिसरं पाणी सोडलं तशी मावशीनं दोन्ही कॅन पुढं ओढले. पहिलं पाणी मळाचं, दुसरं साबणाचं, तिसरं फेसाचं. चौथं मात्र नितळ, तोंड बघावं असं. गोल्फच्या मैदानाला लागून असलेल्या त्या हॉटेलात दिवसाला चारशे टॉवेल धुतले जायचे. धुलाईखोलीत सहा बायका होत्या. त्या सहाजणींनी हे चौथं पाणी आपसांत वाटून घेतलं होतं, रोज एकीची पाळी. आज मावशीची होती. घरी लेकीचं वीस दिवसांचं बाळ चार दिवस बिनअंघोळीचं होतं. मानेच्या वळीत घामोळं उठलेलं, आणि रडून रडून घर डोक्यावर घेत होतं.

कॅन भरले, झाकणं लागली, आणि दारातून मॅनेजर पाहुण्यांना घेऊन आत आला. हॉटेलातली टाचणी जरी बाहेर गेली तरी नोकरी गेली, असा त्याचा नियम. मावशीनं कॅन पायानंच इस्त्रीच्या टेबलाखाली ढकलले. एक गेला. दुसरा मेला अर्धा बाहेरच राहिला.

पाहुणे म्हणजे पर्यटन खात्याचे साहेब आणि त्यांचा फोटोवाला.

"गोल्फ खेळायला परदेशातून लोक येतात, देशात पैसा येतो," साहेब समजावून सांगू लागले. माणूस भला होता बिचारा. "पण तो तुमच्यापर्यंत पोचतो का, तेच विचारत हिंडतोय मी. सांगा ताई, तुमच्या वाट्याला काय आलं?"

उत्तर मॅनेजरनं सकाळीच घोटून घेतलेलं होतं. "काम मिळालं. पोरं शिकली. गावाचं नाव झालं," मावशीनं पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं. तिची लेक सातवीतच शाळेतून निघाली होती. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

साहेब वळले आणि त्यांचा बूट कॅनवर आपटला.

"हे काय?"

बाकीच्या पाचजणी टॉवेलात तोंड घालून बसल्या. मॅनेजरला कॅनचा पत्ताच नव्हता, पण गडी 'पडलो तरी नाक वर' अशा जातीचा. त्यानं एक नजर मावशीवर टाकली आणि तोंडभर हसला.

"पाणी, सर. आमची योजनाच आहे ही. टॉवेल विसळलेलं पाणी वाया घालवत नाही आम्ही, कामगारांच्या घरी देतो. साठ कुटुंबांना!"

"वा! म्हणजे घरी नळ नाही तुमच्या?" साहेबांनी मावशीला विचारलं.

"आहे की. मैदानाला चार बोअर मारल्या तेव्हापासून वारा येतो त्यातून."

मॅनेजर इतक्या मोठ्यानं हसला, की साहेबांनाही तो विनोदच वाटला.

बाहेर उजेड चांगला म्हणून फोटो हिरवळीच्या कडेला घ्यायचं ठरलं. मावशीच्या दोन्ही हातांत दोन कॅन, शेजारी मॅनेजर, मागं हिरवंगार मैदान. "मावशी, हसा की जरा," फोटोवाला म्हणाला. "पाणी घरी चाललंय, आणि तोंड असं काय?"

ती खरंच हसली. साहेबांच्या देखत बोललाय, आता शब्द थोडाच फिरवणार, असं तिच्या मनात आलं आणि जीव भांड्यात पडला. एक कॅन बाळाला, दुसरा लेकीला. बाळंतिणीनंही चार दिवसांत डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर वळली. मॅनेजरनं हलवत ठेवलेला हात खाली घेतला.

"ओत."

"काय?"

"फोटो झाला ना? ओत मग. माझ्या नाकाखाली चोऱ्या! नोकरी ठेवतोय, हे उपकार समज. उद्यापासून हे पाणी पाइपनं हिरवळीला सोडायचं."

"साहेब, तान्हं बाळ आहे हो घरी. एक कॅन तरी..."

"आज एक देईन, उद्या टाकी मागाल."

पाणी काय तुझ्या बापाचं, हे अगदी ओठावर आलं होतं. पण घरात कमावणारी ती एकटी. तिनं ते गिळलं आणि कॅन तिरपा केला.

हिरवळ पहाटेच कारंज्यांखाली न्हाऊन बसलेली. तिला हे पाणी नकोच होतं. ते जिरेना. गवतावर थोडं थबकलं आणि उतारानं परत मावशीच्याच पायाशी येऊन साचलं. दुसऱ्या कॅनचंही तेच झालं. मॅनेजर पायऱ्यांकडे निघाला, तशी ती खाली बसली. डोक्याचा रुमाल सोडला, साचलेल्या नितळ पाण्यात बुडवला, आणि न पिळता जेवणाच्या डब्यात कोंबला.

फाटकावरचा वॉचमन एरवी या सहाजणींच्या पाळीला नेमका दुसरीकडे बघायचा. त्याची बायको त्या सहातलीच, उद्याची पाळी तिची. पण आज मॅनेजर पायऱ्यांवरून पाहत उभा होता.

"मावशी, डबा उघडावा लागेल," वॉचमन खालच्या आवाजात म्हणाला. उघडला, आणि बघतच राहिला. "हे काय? आणि कॅन कुठायत?"

"ते साहेब विचारत होते ना, माझ्या वाट्याला काय आलं म्हणून," मावशी म्हणाली. "हे आलं. उद्यापासून हेही नाही. बायकोला सांग."

वॉचमननं डब्याचं झाकण अंगठ्यांनी चारी बाजूंनी दाबून बसवलं आणि डबा दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला.

"आडवा धरू नका," तो म्हणाला. "सांडेल."