मेथीची बरणी

"शेवटच्या घोटापर्यंत प्या हो, अबू हानी," इहसान म्हणाली आणि कप रिकामा होईपर्यंत नवऱ्यासमोरून हलली नाही.

मुलाच्या, हानीच्या नावाने ती रुश्दीला अशीच हाक मारायची. रुश्दीने कॉफी संपवली. कडूजहर होती.

तीन आठवडे त्याच्या मांड्या ठणकत होत्या. लघवी काळ्या चहासारखी होत होती. जहाजावर तीस वर्षं दोरखंड ओढलेला माणूस, आणि आता त्याला भाजीची पिशवी जड व्हावी? महिन्यापूर्वी डॉक्टरने कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, एवढंच. "दुसरा काही आजार?" डॉक्टरने विचारलं होतं. "छे छे, काही नाही," रुश्दीने झटकन सांगून टाकलं होतं.

आणि इहसानचं हे वागणं! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बहिणीकडे जाते म्हणायची. या सोमवारी बहिणीचाच फोन आला, "इहसान आहे का घरी?" संध्याकाळी त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "बहीण कशी आहे?"

"ठणठणीत. तुम्हाला सलाम सांगितलाय."

पापणीही लवली नाही बाईची! 

तसे दोघं चार वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपत. जहाज सोडून पोर्ट सईदला परतल्यावर त्यानेच सांगितलं होतं, "मी फार घोरतो, तुझी झोपमोड नको." तिनेही हूं की चूं केलं नव्हतं.

ती बाजारात गेली तसं त्याने स्वयंपाकघर पालथं घातलं. मेथीच्या बरणीत, अगदी तळाशी, गोळ्यांचं पाकीट सापडलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट डॉक्टर सौसनने त्या गोळ्या पाहिल्या, मग त्याच्या कोलेस्टेरॉलच्या. तिचा चेहराच बदलला.

"ही दोन्ही एकत्र घेताय? हाजी, जिवावर बेतेल! या गोळीमुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साचत जाते. स्नायू झिजतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आत्ताच्या आत्ता इस्पितळ गाठा. आणि ही गोळी कशावरची आहे ठाऊक..."

पण पाकीट हिसकावून रुश्दी केव्हाच रस्त्यावर पोचला होता.

घरी इहसान मासळी साफ करत होती. त्याने पाकीट टेबलावर आपटलं.

"किती दिवस पाजतेस मला हे?"

तिने सावकाश हात पुसले. "चार वर्षं. रोज कॉफीत."

"चार वर्षं! अगं, माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर हे विष आहे, विष!"

"कोलेस्टेरॉलची गोळी?" ती पांढरीफटक पडली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू लोणी बंद केलं असतंस म्हणून! विषय बदलू नकोस. माझ्या जिवावर उठलीस तू. तलाक देतो तुला!"

इहसानचे डोळे भरून आले. चादरींच्या खणातून तिने एक कागद काढला. आठ तुकडे चिकटपट्टीने जोडलेले होते.

"तुम्ही परत आलात त्या आठवड्यात कचऱ्यात सापडला," ती म्हणाली. "औषध मी दर महिन्याला इस्पितळातून आणते, तुमच्याच नावावर. घोरण्याचं मला कधीच खरं वाटलं नाही."

रुश्दीने कागद हातात घेतला. वर त्याचं नाव होतं. खाली एकच ओळ होती: एचआयव्ही पॉझिटिव्ह.