ओगल्यांचा होकार

"मामा, इकडेच राहायला या," असं भाचीनं शहरातून लिहिलं होतं. नरहर ओगल्यांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. गावचं वाचनालय सोडवत नव्हतं.

पुढे खासदार खडतऱ्यांनी ते पाडून तिथं परमिट रूम काढली. आज तेच खडतरे ओगल्यांच्या ओट्यावर हात जोडून बसले होते. हल्ली माणसं रोज मोजली जात, तशा संसदेतल्या खुर्च्या वाढत नि घटत. मतदारसंघातला आणखी एक माणूस गेला, की खडतऱ्यांची खुर्ची रद्द!

"काका, जाऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या मी सलाईनवर टिकवल्यात!"

"वाचनालयातली पुस्तकं कुठायत?"

"रद्दीत गेली हो. नवी देतो की ट्रकभर!"

ओगले आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते. आताही त्यांनी चाचरत विचारलं, "पेन आहे का?"

काका राहण्याचं लिहून देणार, या आनंदात खडतऱ्यांनी आपलं सोनेरी पेन पुढे केलं. ओगल्यांनी खिशातल्या पोस्टकार्डावर भाचीचा पत्ता घातला, खाली "येतो" एवढंच लिहिलं आणि चपला सरकवल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत होकार पडला, की त्याच क्षणी माणूस मोजणीत तिकडचा धरला जाई.

"बसा हं," ओगले म्हणाले आणि कार्ड टाकून आले.