कोरं लुगडं

मिलच्या संपाला सातवं वर्ष लागलं, तेव्हा भोईवाड्याच्या चाळीतल्या लहूनं गॅलरीत पिंपं मांडून शोभेचे मासे वाढवायला घेतले. पण पाणी सारखं नासायचं, पिल्लं मरायची. शेवटी मासे घेणाऱ्या दुकानदारानंच उपाय सांगितला, पिंपात जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या सोड. त्यांवर बुळबुळीत थर धरतो, पाणी निवळतं आणि पिल्लं तोच थर खाऊन वाढतात.

"जन्मभर साच्यावर सुती कापड विणलं, आणि आज घरात एक चिंधी मिळेना!" ट्रंक उपसत लहू करवादला. सगळं नायलॉन नि टेरिलिन. तळाशी तेवढं एक कोरं सुती लुगडं होतं, संपाआधीच्या दिवाळीला त्यानं बायकोसाठी मिलमधून आणलेलं, त्याच्याच साच्यावरचं. मिल चालू होईल त्या दिवशी घडी मोडायची म्हणून शेवंता ते नेसलीच नव्हती. लहूनं गुपचूप ट्रंक लावली.

शेवंतानं ती पुन्हा उघडली आणि लुगड्याचा काठ दातांत धरून टर्रकन फाडला.

"अगं, नवं आहे ते!"


पहिली पट्टी त्याच्या हातात ठेवत ती म्हणाली, "आता जुनंच म्हणायचं त्याला."