फोटोपुरतं

माधवनगरच्या गल्लीत टॅक्सी शिरली, तेव्हा अपर्णा भिंतीवरून आपल्या लग्नाचा फोटो उतरवत होती. हे काम सकाळीच व्हायचं होतं. पण नको असलेल्या कामाला वेळ कधी सापडतो?

सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, फोटो तिच्या हातून ओढून गादीखाली सारला. "तू हर्षलची मामेबहीण. ध्यानात ठेव. ती दीदी म्हणेल तुला."

तिचा नवरा हर्षल सहा वर्षांपूर्वी चोरवाटेने अमेरिकेत शिरला होता. आता कागद पक्के करायचे तर तिथल्याच मुलीशी लग्न, एवढाच रस्ता उरला होता. म्हणून गेल्या वर्षी अपर्णाने कोर्टात घटस्फोटाच्या कागदावर सही केली. फक्त कागदापुरती, असं हर्षल फोनवर म्हणाला होता. तिकडचं लग्नही कागदापुरतंच, त्या मुलीशी तसं बोलणं झालंय. आता लग्न खरं दाखवायला तिकडच्या वकिलाला सासरच्या माणसांबरोबर नवरीचे फोटो हवे होते. हर्षल देशाबाहेर पडला असता तर पुन्हा आत घेतला नसता, म्हणून ती नवरी, निहारिका, एकटीच आली होती.

उंबऱ्यातच ती मंगलाबाईंच्या पाया पडली. त्यांच्या गुडघ्यांसाठी मलम, धाकटा दीर सुमीतसाठी घड्याळ, सगळं आठवणीने आणलेलं. जन्म तिकडचा, हिंदी मोडकी, मराठी मुळीच नाही.

"मम्मीजी, हर्षल बोलता है मेरी साबूदाना खिचड़ी चिपक जाती है. मुझे सिखाइए ना."

अपर्णाने पाण्याचा ट्रे खाली ठेवला. ठरवून केलेल्या खोट्या लग्नात कोणी खिचडी शिकायला सात समुद्र ओलांडून येत नाही. एवढं कळायला तिला वकील लागला नाही. हर्षलने एक थाप इकडे मारली होती, एक तिकडे, आणि दोन्हीकडे एकेक बाई विश्वासाने बसून होती. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सुमीतने मोबाइल काढला. सोफ्यावर सासू, सून, शेजारी मामेबहीण.

"वहिनी, जरा वर बघा."

दोघींनी मान वर केली. सुमीतने जीभ चावली. निहारिकाच्या लक्षात आलं नाही, ती हसतच होती.

फोटो बघून सुमीत म्हणाला, "आई, हिचा गळा एकदम सूना दिसतोय. तिकडच्या अफसरला शक येऊन जाईल."

मंगलाबाईंनी अपर्णाकडे पाहिलं. "तुझं देऊन दे ना. फोटोपुरतं गं. आणि घाल पण तूच. हे गेल्यापासून मी मंगळसूत्राला हात नाही लावत."

अपर्णा आत गेली. एक वाक्य बोललं की सगळं सोंग संपत होतं. मग हर्षलला धरून परत पाठवतील. पण परत आलेला हर्षल तिचा असेल, याची आता कोण हमी देणार? आठ वर्षांत न काढलेलं मंगळसूत्र तिने काढलं, ताटलीत हळदीकुंकवाशेजारी ठेवलं, बाहेर आणलं आणि निहारिकाच्या गळ्यात घातलं.

निहारिकाने ते डोळ्यांना लावलं. तिला रडू फुटलं.

"आप लोगों ने मेरे लिए रखा था? वहाँ कोर्ट में तो बस साइन हुए थे. किसी ने कुछ पहनाया ही नहीं." तिने अपर्णाचे दोन्ही हात घट्ट धरले. "अब कभी नहीं उतारूँगी, दीदी. प्रॉमिस."

आता मंगलाबाई अडकल्या. काय म्हणून परत मागणार? बहिणीचं आहे म्हणावं, तर बहिणीचं का घातलं? सुमीत उगाच मोबाइल पुसत राहिला. नाही म्हणायला दोघांनाही लाज वाटली असावी.

"रुको," अपर्णा म्हणाली.

मायलेक दचकले. अपर्णा खाली वाकली. घाईत मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या पडल्या होत्या. तिने त्या एकेक करून सुलट केल्या, पदराखालून वर काढून नीट दिसतील अशा ठेवल्या आणि सोफ्यापासून बाजूला झाली.

"आता काढा फोटो, भाऊजी," ती म्हणाली. "आता खरं दिसतंय."