आठव्या मजल्याचं बटण

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत कालुबाने लिफ्टचा जळालेला रेझिस्टर उतरवला, तेव्हा त्याचे दोन्ही हात काळे झाले. वर्षातला हा तिसरा. इमारतीचा सेक्रेटरी सिकाझ्वे दारातच नाक दाबून उभा होता.

"या खेपेला नीट बघ बाबा," तो म्हणाला. "पुन्हा जळला तर आठव्या मजल्याचं बटणच बंद करून टाकतो. तिथे राहतं कोण, तर एक म्हातारी. येईल की जिन्याने सातव्यापर्यंत!"

"तिचा आणि रेझिस्टरचा काय संबंध?"

"ते तू शोध. तुला काय जेवायला बोलावलंय?"

एवढं बोलून तो गेला. किटवे शहरातल्या झाडून सगळ्या सेक्रेटरींसारखी त्यालाही दुसरीकडे कुठेतरी घाई होती.

कालुबाने सोबत आणलेला तात्पुरता रेझिस्टर जोडला, लिफ्ट सुरू केली आणि बघत बसला. लिफ्ट वर आली. खाली आठव्यावर दार उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. पाऊल काही वाजलं नाही. लिफ्ट आपोआप तळाला गेली आणि जरा वेळाने पुन्हा वर आली. पुन्हा तेच. रिकामी लिफ्ट वर येते तेव्हा पलीकडचं लोखंडी वजनच तिला ओढत असतं; मोटरचं काम फक्त तिला आवरायचं, आणि त्या आवरण्याची सगळी धग रेझिस्टरने सोसायची. अधूनमधून सोसायला बनवलेला तो बिचारा, इथे त्याला उसंतच नव्हती. थोड्याच वेळात त्याच्या डब्याजवळ हात नेववेना.

कालुबा जिना उतरून आठव्यावर आला. लिफ्टसमोर खुर्ची टाकून त्या म्हाताऱ्या बामायो चिलेशे बसल्या होत्या; बामायो म्हणजे आई, सगळे आदराने तसंच म्हणत. कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं इस्त्रीचं रंगीत कापड, डोक्याला नवा रुमाल, आता कुठेतरी निघणार अशा. बोट बटणावर होतं.

"हे बटण तुम्ही किती वेळा दाबता?" त्याने विचारलं.

"आधी कशा आहात म्हणून तर विचारशील? का आईने पोलीस बनवायचा म्हणून वाढवलं तुला?"

कालुबा ओशाळला. मोठ्यांना भेटायच्या रीतीप्रमाणे गुडघ्यात वाकून त्याने काळ्या हातांनीच हलक्या टाळ्या वाजवल्या. "कशा आहात, बामायो? झोप लागली रात्री?" मग त्याच्या बायकोची, पोरांची, कामाची, थंडीची अशी सगळ्यांची चौकशी झाली. बामायोंनी त्यातलं काही गाळू दिलं नाही. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हं, आता विचार."

"दिवसातून किती वेळा दाबता?"

"बाजारात जाताना. एकदा."

"बामायो, तुम्ही म्हणाल त्या हिशेबाने मी नवा रेझिस्टर घेणार. कमी सांगाल तर लहान घेईन. तो जळेल, आणि सिकाझ्वे तुमचं बटण बंद करेल. खरं सांगा."

तेवढ्यात लिफ्ट आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दोघंही दार मिटेपर्यंत आत बघत राहिले.

"कधी कधी असतं कोणी," बामायो म्हणाल्या. "चौथ्याला उतरायचं असतं, बटण दाबायला उशीर होतो, की आलंच माझ्या दारात! मग माझी विचारपूस न करून जातील कुठे?" त्या हसल्या. हसू ओसरल्यावर मान खाली घालून म्हणाल्या, "उठल्यापासून दाबते रे. जेवायला आत जाते, तेवढंच काय ते थांबते."

कालुबाला त्यांची दया आली, आणि दया आल्याचं वाईटही वाटलं. तो उगाच हात पुसत राहिला.

"मोठा घालतो," तो म्हणाला. "पण एक सांगा. रेझिस्टर रोजच्या दिवसाच्या मापाने घेत नाहीत. वर्षातला सगळ्यात जड दिवस धरावा लागतो. तुमचा कुठला?"

"नाताळ." त्यांना आठवावं लागलं नाही.

"हो, मुलं-नातवंडं येत असतील."

"येतात ना," बामायो म्हणाल्या. "खालच्या सातही मजल्यांवरच्यांची."