नो मोअर

पंडित मास्तरांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. समोर सारजाबाई उभी होती, तिच्या मागं तिची नवी सून. सारजाबाईचा गहिनीनाथ निजामाच्या रिसाल्याबरोबर लढाईवर गेला होता, घोड्यांची निगा राखायला. जखमी होऊन तो मुंबईच्या फौजी दवाखान्यात पडला होता. तिथल्या कारकुनाची इंग्रजीत एकच ओळ आली होती. गहिनीनाथ या दवाखान्यात 'नो मोअर'.

सिरसाळ्यात इंग्रजी जाणणारे मास्तर एकटेच. माणूस जागा सोडून गेला तर 'नो लाँगर', जग सोडून गेला तर 'नो मोअर', असं ते शिकले होते.

"काय लिवलंय, मास्तर?"

"एक शब्द अडलाय. अंबाजोगाईला इचारून येतो."

दहा कोस ते पायीच गेले, थेट आपल्या गुरुजींच्या ओसरीवर. बंकट गुरुजींनी त्यांना लहानपणी इंग्रजी शिकवलं होतं. याच ओसरीवर, याच दोन शब्दांत घोळ केला म्हणून कान पिरगाळला होता आणि मग हातावर गूळ-शेंगा ठेवल्या होत्या. आता गुरुजींची नजर गेली होती. ओसरी मात्र तशीच, सारवलेली. मास्तरांना वाटलं, पुन्हा दहा वर्षांचं व्हावं. चुकलं तर नुसता कान दुखावा.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"सही कुणाची?"

"कुणी देशपांडे हायेत."

"म्हणजे आपलाच माणूस. मनात मराठी, कागदावर इंग्रजी. 'आता इथं नाही', एवढंच लिहायचं होतं त्याला. पोरगा सुटलाय. जा, त्याच्या आईला सांग."

मास्तर पाणीसुद्धा न पिता माघारी फिरले. सारजाबाई वेशीतच बसून होती.

"गहिनीनाथ निघालाय," मास्तर म्हणाले. सारजाबाईनं लेकराला घ्यावं तसं सुनेला पोटाशी धरलं.

नवव्या दिवशी गहिनीनाथ आला. लंगडत आला, पण आला. मास्तरांनी लगोलग अंबाजोगाई गाठली.

"गुरुजी, पोरगा घरी आला! तुमचं इंग्रजी अजून लई पक्कं हाय."

गुरुजींनी चाचपडत त्यांचा हात धरला.

"आला? नऊ दिवस घास उतरला नाही रे घशाखाली. मला तरी कुठं ठाऊक होतं, पंडित? पण दहा कोस चालत आलेल्या तुला मी दुसरं काय सांगणार होतो?"